शाकाहारी, सडपातळ, आणि तरीही कोलेस्टेरॉल २३८

प्रश्न : माझे वय ४४ आणि यजमानांचे ४८. आम्ही सांगलीत राहतो आणि ते एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरीला आहेत. दोन महिन्यांपूर्वी कारखान्यात झालेल्या आरोग्य तपासणी शिबिरात त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल २३८, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६ आणि एलडीएल १६० आले. उपाशीपोटीची साखर १०८ आणि रक्तदाब १३८/८८ होता. ईसीजी नॉर्मल आला. आमच्या डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिनची १० मिलीग्रॅमची एक गोळी रोज घ्यायला सांगितली. पंधरा दिवस घेतल्यावर मांड्या दुखू लागल्या, त्यातच मोबाइलवर 'ही गोळी यकृत खराब करते आणि एकदा लागली की सुटत नाही' असा संदेश आला, आणि त्यांनी ती बंद केली. आता सकाळी दुधीचा रस आणि लसणाच्या दोन पाकळ्या चालू आहेत. वीस वर्षांपूर्वी माळ घातल्यापासून ते पूर्ण शाकाहारी आहेत, दारूला शिवत नाहीत, वजन ६४ किलो आणि उंची पाच फूट सात इंच आहे. फक्त पोट थोडे सुटले आहे. तंबाखू-चुन्याची सवय मात्र सुटलेली नाही. सासरे ५४ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, पण ते बिडी ओढत आणि मटण खात, म्हणून तसे झाले असे यजमान म्हणतात. शाकाहारी आणि बारीक माणसाचे कोलेस्टेरॉल वाढतेच कसे? घरचे साजूक तूप बंद करावे का? गोळी जन्मभर घ्यावी लागेल का? मुलगा १७ वर्षांचा आणि मुलगी १३ वर्षांची आहे. मला त्यांचीही काळजी वाटते.
एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत आणि ते सगळे कामाचे आहेत, पण ज्या तपशिलाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला, तो प्रयोगशाळेच्या अहवालात कधीच छापलेला नसतो. तो म्हणजे तुमच्या सासऱ्यांचे वय. वडिलांना किंवा भावाला पंचावन्न वर्षांच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला पासष्ट वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला अकाली हृदयविकार मानते आणि जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांचा धोका वाढलेला धरते. सासऱ्यांच्या बिडीने त्यांचे नुकसान केलेच असणार; परंतु 'ते बिडीने गेले, मी बिडी ओढत नाही, म्हणजे मी सुटलो' हा यजमानांचा हिशेब पुरा होत नाही. वडिलांच्या बाबतीत वारशाने काय आले आणि सवयीने काय आले, हे आता वेगळे काढता येणार नाही, आणि यजमानांच्या रक्तात आज जे दिसते आहे ते बिडीशिवाय आणि मटणाशिवायच दिसते आहे.

तुमचा पहिला प्रश्न नेमका इथेच सुटतो. कोलेस्टेरॉल हा बाहेरून शरीरात शिरलेला कचरा असतो, अशी समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. प्रत्यक्षात शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते आणि त्या कामात यकृताचा वाटा मोठा असतो. प्रत्येक पेशीचे आवरण, पचनासाठी लागणारे पित्त, 'ड' जीवनसत्त्व आणि स्त्री-पुरुषांची संप्रेरके यांना ते लागतेच. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तातून वाहून नेण्यासाठी प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेले सूक्ष्म कण लागतात, आणि अहवालातले एलडीएल व एचडीएल ही त्या कणांचीच नावे आहेत. एलडीएलचे कण पेशींना कोलेस्टेरॉल पुरवतात आणि काम झाले की यकृताने ते रक्तातून परत ओढून घ्यायचे असतात. यकृताच्या पेशींवर त्यासाठी खास ग्राहके असतात. त्यांना आपण दारे म्हणू. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी संशोधकांनी ही दारे शोधली आणि त्या कामासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही दारे किती असावीत आणि ती किती चांगली चालावीत, हे बरेचसे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. ज्याची दारे कमी आहेत त्याच्या रक्तात एलडीएल साचून राहते, मग तो माणूस माळकरी असो वा नसो, जाड असो वा बारीक.

साचलेले एलडीएल नेमके काय करते, हे यजमानांना समजावून सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यांना आज काहीच होत नाही आणि म्हणूनच गोळी नकोशी वाटते. हे कण धमनीच्या आतल्या नाजूक अस्तरातून भिंतीत शिरतात आणि त्यांतले काही तिथेच अडकतात. त्यांना साफ करायला आलेल्या पांढऱ्या पेशी ती चरबी गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षे असे होत राहिले की भिंतीत चरबी, मृत पेशी आणि कॅल्शियम यांचा थर तयार होतो. एखाद्या दिवशी त्या थरावरचा पापुद्रा फाटतो, रक्ताला ती जखम वाटते, काही मिनिटांत गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. झटका येतो तो असा. त्यामुळे धोका ठरतो तो आज एलडीएल किती आहे एवढ्यावर थांबत नाही. ते किती आणि किती वर्षे होते, या दोन्हींचा तो गुणाकार असतो. यजमान हिशेब खात्यात आहेत, तेव्हा चक्रवाढ व्याज म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून अधिक कळते. एलडीएल विशीपासूनच चढे असेल, तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या खात्यावर पंचवीस-तीस वर्षांची थकबाकी आहे, आणि यापुढच्या प्रत्येक वर्षाची रक्कम तरी कमी करणे आपल्या हातात आहे.

ईसीजी नॉर्मल आल्याचा दिलासा या बाबतीत फारसा कामाचा नाही. ईसीजी त्या क्षणी हृदयाची विद्युतक्रिया कशी चालली आहे ते दाखवतो. धमनीच्या भिंतीत काय साचले आहे ते त्याला दिसत नाही. झटक्याला कारण ठरणारे अनेक थर झटक्याच्या आधी धमनीचा निम्माही मार्ग अडवत नव्हते, म्हणून त्या माणसांना जिना चढताना धाप लागत नव्हती की छातीत दुखत नव्हते. 'चांगला हिंडता-फिरता माणूस अचानक गेला' असे आपण म्हणतो, त्यातल्या पुष्कळांच्या बाबतीत अचानक काहीच घडलेले नसते.

आता अहवाल एकदा नीट वाचू. पुष्कळ प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करतात आणि ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या एका प्रकारच्या चरबीचा, पाचवा हिस्सा वजा करतात. २३८ मधून ३६ आणि ४२ गेले की १६० उरतात, म्हणजे तुमच्या अहवालातही तेच केलेले दिसते. ट्रायग्लिसराइड जितके वाढलेले असतात तितकी ही पद्धत ढोबळ होत जाते आणि चारशेच्या वर तर ती वापरूच नये. त्यामुळे यजमानांसारख्या माणसासाठी मला दुसरा आकडा अधिक भरवशाचा वाटतो, जो अनेक अहवालांत नसतो पण घरी काढता येतो : एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करायचे. उरतात २०२. धमनीत साचणाऱ्या सर्व प्रकारच्या कणांमधले कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येते आणि त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. त्यासाठी उपाशी राहण्याचीही गरज नसते.

हा आकडा किती हवा? कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार धोका कमी असलेल्या माणसाचे एलडीएल १०० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १३० च्या खाली असावे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांसारख्या अधिक धोक्याच्या गटात एलडीएल ७० च्या आणि नॉन-एचडीएल १०० च्या खाली असावे. आणि ज्यांना झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांचे एलडीएल ५५ च्या खाली असावे. अहवालाच्या उजव्या बाजूला छापलेली 'सामान्य मर्यादा' ही सर्वांना एकच लावलेली असते आणि तिच्याकडे पाहून स्वतःचा निकाल लावणे ही मला वारंवार दिसणारी चूक आहे. यजमानांचे वय, वडिलांचा इतिहास, तंबाखू, कमी एचडीएल आणि वरच्या सीमेला टेकलेला रक्तदाब हे एकत्र ठेवले, तर माझ्या मते त्यांचे एलडीएल ७० च्या आसपास आणणे योग्य ठरेल. अंतिम निर्णय अर्थातच त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

तुम्ही त्यांना सडपातळ म्हणता, पण सोबत पोट सुटल्याचेही लिहिता, आणि त्या उल्लेखाकडे मी दुर्लक्ष करू शकत नाही. शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, घेर मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, ही धोक्याची रेषा आहे. घेर त्याहून जास्त असेल तर त्याच्या जोडीला ट्रायग्लिसराइड दीडशेच्या वर, एचडीएल चाळीसच्या खाली, रक्तदाब १३०/८५ च्या वर आणि उपाशीपोटीची साखर शंभरच्या वर, अशी पाचही लक्षणे एकाच माणसात जमतात. यांपैकी तीन असली तरी त्याला चयापचयाचा बिघाड, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणतात. वजनकाट्यावर बारीक आणि पोटात चरबी, ही आपल्या उपखंडातील माणसांची ओळखीची ठेवण आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले. त्यामागे कोणतेही गूढ कारण सापडले नाही; हेच सगळे घटक आपल्याकडे कमी वयात जमा होतात, हे त्याचे मुख्य कारण होते.

एचडीएलला 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतात, म्हणून ३६ चे ५० कसे करता येईल, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. त्याच्यामागे लागू नका. कमी एचडीएल ही धोक्याची खूण जरूर आहे, पण ते औषधाने वाढवून फायदा झाल्याचे दिसलेले नाही. टॉरसेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढत होते, तरीही ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाल्याने त्याची चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली. चालणे, पोटाचा घेर कमी होणे आणि साखर-मैदा आटोक्यात येणे यांनी ते जेवढे वाढेल तेवढे वाढू द्यावे.

आता गोळीविषयी, कारण तुमच्या घरातला खरा वाद तिथे आहे. स्टॅटिन गटातील गोळी यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी मंद करते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की ते स्वतःच आपली दारे वाढवते आणि रक्तातले एलडीएल आत ओढून घेते. म्हणजे दारे कमी असण्याचा जो मूळ दोष, त्यावरच ती काम करते. 'केमिकल' म्हणून जिची भीती घातली जाते, त्या गटाचे पहिले औषध अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एका बुरशीतून शोधून काढले होते. अर्थात, एखादी गोष्ट निसर्गातून आली म्हणून ती निर्धोक ठरत नाही. गोळीवर विश्वास ठेवायचा तो तिच्यावर झालेल्या चाचण्यांमुळे. यजमानांच्या स्थितीशी जवळची अशी एक चाचणी पश्चिम स्कॉटलंडमध्ये झाली. कोलेस्टेरॉल वाढलेल्या, पण कधीही झटका न आलेल्या, ४५ ते ६४ वर्षांच्या ६,५९५ पुरुषांपैकी निम्म्यांना स्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. सुमारे पाच वर्षांनी, १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : निष्क्रिय गोळीवर असलेल्या शंभरांपैकी साधारण आठ जणांना झटका आला किंवा त्यांचा हृदयविकाराने मृत्यू झाला, स्टॅटिन घेणाऱ्यांत हे प्रमाण साडेपाच होते. तुम्हाला हे अंतर लहान वाटू शकेल, आणि पाच वर्षांपुरते ते लहान आहेही. पण यजमानांपुढे पाचच वर्षे नाहीत, तीस वर्षे आहेत, आणि एलडीएल जितके खाली व जितका काळ खाली, तितका हा फायदा वाढत जातो. पुढे झालेल्या अनेक मोठ्या चाचण्या एकत्र पाहता, एलडीएल सुमारे ३९ मिलीग्रॅमने उतरले की झटका आणि पक्षाघातासारख्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात, असे दिसून आले आहे.

मांड्या दुखण्याची तक्रार खोटी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात आणि क्वचित, फारच क्वचित, स्नायूंना गंभीर इजा होऊन लघवी गडद तपकिरी होते. तसे झाल्यास गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात गेले पाहिजे. परंतु एका गोष्टीचा यजमानांनी शांतपणे विचार करावा. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांवर लंडनमध्ये एक प्रयोग झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने निष्क्रिय गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे दिले गेले, आणि बाटलीत यापैकी कोणती गोळी आहे हे त्यांना माहीत नव्हते. स्टॅटिनच्या महिन्यांत त्यांना जो त्रास झाला, त्याच्या नव्वद टक्के त्रास निष्क्रिय गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणे खरेच होते. ते बव्हंशी गोळी घेतल्यामुळे आणि तिच्याबद्दलच्या धास्तीमुळे जाणवत होते, तिच्यातल्या औषधामुळे नव्हे. हे कळल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. यजमानांनी डॉक्टरांकडे जाऊन सरळ सांगावे की दुखले म्हणून मी बंद केली. डॉक्टर रक्तातील सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक, तपासू शकतात, कमी मात्रेपासून पुन्हा सुरुवात करू शकतात, त्याच गटातले दुसरे औषध देऊ शकतात, किंवा एझेटिमिब नावाची वेगळ्या प्रकारे काम करणारी गोळी जोडू शकतात. न सांगता सोडलेल्या गोळीवर मात्र कोणाचाच इलाज चालत नाही.

यकृत खराब होण्याची भीती प्रमाणापेक्षा फार वाढवून सांगितली जाते. काही जणांत एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारा घटक, थोडे वाढते आणि बहुधा आपोआप खाली येते. ते मर्यादेच्या तिपटीवर गेले तर डॉक्टर औषधाचा फेरविचार करतात. यकृताला गंभीर इजा अतिशय विरळ आहे. ज्यांच्या यकृतावर साधी चरबी आहे त्यांनाही ही गोळी चालते. मधुमेहाविषयीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि यजमानांची साखर १०८ असल्यामुळे तो त्यांच्यापासून लपवू नये. चाचण्यांच्या एकत्रित हिशेबानुसार २५५ लोकांनी चार वर्षे स्टॅटिन घेतले तर एकाला मधुमेहाचे निदान होते, जे एरवी त्या काळात झाले नसते, आणि तो बहुतेक वेळा आधीच सीमेवर असलेला माणूस असतो. हृदयाला होणारा फायदा त्याहून बराच मोठा आहे, म्हणून मधुमेह असलेल्यांनाही स्टॅटिन दिलेच जाते. गोळी जन्मभर घ्यावी लागेल का, याचे प्रामाणिक उत्तर 'बहुधा हो' असे आहे. पण ती 'सुटत नाही' हे म्हणणे चुकीचे आहे : तिचे व्यसन लागत नाही, ती बंद केली तर काही आठवड्यांत एलडीएल पूर्वीच्या जागी परत येते, एवढेच. चश्मा काढल्यावर पुन्हा अंधूक दिसते, तो चश्म्याचा दोष नसतो.

दुधीच्या रसाबद्दल एक कळकळीची सूचना. दुधी भाजी म्हणून उत्तम आहे, पण कच्चा रस एलडीएल १६० वरून खाली आणील असा भरवसा कुठल्याही चांगल्या चाचणीने दिलेला नाही, आणि रस कडू लागला तर तो विषारी असू शकतो. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात नोंदल्या गेल्या आहेत. 'औषध आहे, कडूच असणार' असे म्हणून कोणी तो गिळू नये; पहिला घोट कडू लागला की ओतून द्यावा. लसूण खायला हरकत नाही, मात्र ती गोळीच्या जागी नको.

तूप बंद करावे का, हा प्रश्न मला बहुतेक प्रत्येक घरातून येतो. एका लहान चमच्यात, म्हणजे पाच ग्रॅम तुपात, सुमारे तीन ग्रॅम संपृक्त चरबी असते, आणि याच चरबीमुळे यकृताची दारे कमी होतात. दिवसाला दोन हजार कॅलरी घेणाऱ्या माणसाने ती साधारण बावीस ग्रॅमच्या आत ठेवावी, असे मानले जाते. वरणभातावर एक चमचा तूप या हिशेबात सहज बसते आणि ते मी कोणाच्या ताटातून काढून घेणार नाही. हिशेब बिघडतो तो बाकीच्या गोष्टींनी : दुधावरची साय, चहासोबतची खारी आणि टोस्ट, दुकानातले फरसाण, बटर लावलेली पावभाजी, सणावाराला तळलेले पदार्थ. बेकरीत आणि फरसाणाच्या कढईत बहुधा पामतेल असते आणि त्यात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी याहून वाईट. तिचे प्रमाण २ टक्क्यांवर आणण्याचा नियम देशात जानेवारी २०२२ पासून लागू आहे, पण रस्त्यावरच्या कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा उकळले जाते तेव्हा काय तयार होते, त्यावर कोणाची देखरेख नसते. घरात शेंगदाणा किंवा करडईचे तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवा. पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' असे छापलेले असते त्याला भुलू नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नसते, पामतेलातही नसते.

यजमानांचे ट्रायग्लिसराइड २१० आहेत ते तुपाने वाढलेले नसावेत. दारू न पिणाऱ्या शाकाहारी माणसात ते बहुधा साखर, मैदा, भाताचा ढीग आणि बैठे काम यांनी वाढतात. कारखान्यात दिवसाला किती चहा होतात आणि प्रत्येकात किती साखर असते, ते त्यांनाच एक आठवडा वहीत लिहायला सांगा. ज्वारीची भाकरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, घेवडा, मेथी, जवसाची आणि कारळ्याची चटणी, साय काढलेल्या दुधाचे ताक, हे सगळे सांगलीच्या घरात आधीपासून आहे. फक्त भाताच्या मानाने उसळ वाढवावी आणि संध्याकाळी सातच्या भुकेला भडंग-फरसाणाऐवजी भाजलेले फुटाणे द्यावेत. रोज अर्धा तास भरभर चालणे याच्या जोडीला हवे. या बदलांनी ट्रायग्लिसराइड चांगलेच उतरतील. एलडीएल मात्र आहाराने साधारण दहा ते पंधरा टक्केच उतरते. १६० चे १४० होतील, ७० होणार नाहीत. म्हणून 'आधी पथ्य करून पाहतो, मग गोळी' हा मार्ग मला त्यांच्याबाबतीत पुरेसा वाटत नाही. दोन्ही एकदमच सुरू व्हावे.

तंबाखूविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने ती गोळीइतकीच मोठी बाब आहे. धूर नाही म्हणजे हृदयाला धोका नाही, असे यजमानांना वाटत असावे. मघाशी उल्लेखिलेल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसता तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचे प्रमाण दुपटीच्या आसपास आढळले होते. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, आणि १३८/८८ असलेल्या माणसाला ते परवडणारे नाही. सोडण्यासाठी मदत लागते, त्यात कमीपणा नाही. तंबाखूच्या पुडीवरच छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते.

पुढच्या भेटीत तुम्ही सोबत जा आणि डॉक्टरांना काही गोष्टी विचारा. हायपोथायरॉइड असल्यास एलडीएल वाढते आणि तो दुरुस्त होण्यासारखा दोष आहे, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची तपासणी झाली आहे का? तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि एसजीपीटी झाले आहे का? रक्तदाब घरी आठवडाभर मोजून आणावा का? आणि लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करायची असते, ती करावी का? हा जवळजवळ संपूर्णपणे वारशाने येणारा कण आहे, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो दिसत नाही, आणि ज्या घरात कोणी पन्नाशीच्या आसपास गेले आहे तिथे तो शोधलाच पाहिजे. तो ५० मिलीग्रॅमच्या वर असेल तर एलडीएल अधिक कडकपणे खाली ठेवावे लागते. गोळी पुन्हा सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड तपासणी करावी. उतरलेला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की गोळी टिकते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. गोळीवरून रोज जेवताना वाद मात्र नको. वडिलांच्या मृत्यूबद्दल मुलगा जेव्हा 'ते बिडीने गेले' असे पुन्हा पुन्हा म्हणतो, तेव्हा त्याच्या आत बहुधा त्याच वयाची भीती असते. त्या भीतीवर एकदा शांतपणे बोलता आले तर बाकीचे सोपे होईल.

मुलांच्या बाबतीत घाबरून जाण्याचे कारण नाही, पण थांबण्याचेही नाही. वर सांगितलेल्या कार्डिऑलॉजिकल सोसायटीच्या सूचनांनुसार पहिली लिपिड तपासणी वयाच्या अठराव्या वर्षी, आणि घरात अकाली हृदयविकार असेल तर त्याआधीच करावी. म्हणून मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी याच महिन्यात करून घ्या. एखाद्या मुलाचे एलडीएल १६० किंवा त्याहून वर आले, तर कोलेस्टेरॉल जन्मापासूनच वाढलेले असण्याचा आनुवंशिक विकार आहे का, हे तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. तो साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो आणि वेळीच सापडला तर त्यावर उत्तम उपचार आहेत. यजमानांना भावंडे असतील तर त्यांनाही हे पत्र दाखवा. बहीण असेल तर तिला आधी, कारण आपल्या घरांत बहिणीचे लिपिड प्रोफाइल कोणी करत नाही, आणि पाळी थांबल्यावर स्त्रियांचे एलडीएल वाढू लागते. त्याच कारणासाठी प्रयोगशाळेत जाल तेव्हा तुमच्याही नावाची चिठ्ठी बरोबर घ्या. पत्रात तुम्ही घरातल्या सर्वांचे आकडे आणि काळज्या लिहिल्या आहेत, स्वतःचा मात्र एकही आकडा लिहिलेला नाही.